एफमॉक लावल्यावर येणारा जास्तीचा पीक: साइड चेन बदललेल्या लायसिनचं नेहमीचं दुखणं

एफमॉक म्हणजे अमिनो आम्लाचा अमाइन तात्पुरता झाकणारा गट, म्हणजे प्रोटेक्टिंग ग्रुप. दोन अमाइन असलेल्या लायसिन या अमिनो आम्लावर तो लावताना येणारी तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) एकच स्पॉट होता, वर्कअप (अभिक्रियेनंतरचं धुणं आणि वेगळं काढणं) नीट झाला, पांढरी पावडर मिळाली आणि एलसीएमएसमध्ये (पदार्थ वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) मुख्य पीकच्या मागे आणखी एक पीक उभा राहिला. कॉलम केला तरी तो जात नाही, नवी बॅच लावली तरी परत येतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: एफमॉक सोडून दुसरा प्रोटेक्टिंग ग्रुप घेऊ का?

इतक्यात नको. ग्रुप बदलला की पुढचा सगळा मार्ग बदलतो, महिनाभराचं काम मागे जातं आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं. हे कारण बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतं. एक म्हणजे मोकळा सोडलेला कार्बॉक्सिल, दुसरं म्हणजे नीट न पाहिलेला पीएच. एफमॉक स्वतः क्वचितच दोषी असतो.

बोलण्याच्या सोयीसाठी एकच रेणू धरू: एफमॉक-लायसिन(ॲसिटिल). लायसिनच्या आल्फा अमाइनवर एफमॉक, साइड चेनच्या टोकाला एप्सिलॉन अमाइनवर ॲसिटिल, कार्बॉक्सिल मोकळा. हिस्टोन प्रथिनांवर बसणाऱ्या ॲसिटिल गटांचा जनुकांच्या कामाशी संबंध असावा, हे ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली मांडलं. त्यामुळे या लायसिनला मागणी आहे आणि तो बाटलीत विकतही मिळतो. पण त्याच जागी क्रोटोनिल, अझिडोॲसिटिल, बायोटिन किंवा तुमचा स्वतःचा फ्लुओरोफोर हवा असेल, तर हातानं बनवण्याला पर्याय नाही. अडचणी मात्र त्याच येतात, फक्त आकडे बदलतात.

आधी वजाबाकी करा

आपल्या रेणूचं वस्तुमान ४१०.२ आहे, म्हणजे पॉझिटिव्ह मोडमध्ये ४११.२ दिसायला हवं. जास्तीच्या पीकचा आकडा घ्या आणि त्यातून ४११.२ वजा करा. कॉलम लावण्याच्या आधी, गाइडला मेल करण्याच्या आधी, हे एवढं करा.

फरक २२ आला आणि रिटेन्शन टाइम (यंत्राच्या कॉलममधून बाहेर यायला लागलेला वेळ) मुख्य पीकचाच असेल, तर तो सोडियमचा ४३३.२ आहे, अशुद्धी नव्हे. ८२१.४ दिसला तर तेच दोन रेणू आणि एक प्रोटॉन, यंत्राच्या सोर्समध्ये जुळलेले. सँपल पातळ करून पुन्हा सोडलं की तो कमी होतो. १७९ चा आयन म्हणजे एफमॉकचा फ्लुओरेनिलमिथाइल तुकडा, तोही सोर्समध्ये तुटलेला. बॉक (आम्लानं निघणारा दुसरा प्रोटेक्टिंग ग्रुप) असलेल्या रेणूत ५६ आणि १०० नं कमी झालेले आयन असेच यंत्रात तयार होतात आणि 'बॉक निघून गेला' म्हणून लोक उगाच घाबरतात. रिटेन्शन टाइम वेगळा असेल तरच तो वेगळा पदार्थ. ही साधी गोष्ट पाहिली तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता खऱ्या अशुद्धी. फरक १७०.१ असेल, म्हणजे ५८१.३ चा पीक, तर एक ॲसिटिल-लायसिन जास्तीचा जोडला गेला आहे. हा डायपेप्टाइड. ५९१.२ दिसला तर तो साध्या लायसिनवर दोन एफमॉक बसलेला रेणू. हे दोन आकडे फक्त दहानं वेगळे आहेत, दोन्ही पीक मुख्य पीकच्या मागे येतात आणि घाईत वहीत 'पाचशे ऐंशी-नव्वदचं काहीतरी' अशी नोंद होते. कारणं मात्र पूर्ण वेगळी: पहिल्यात एफमॉक लावायची पद्धत चुकली, दुसऱ्यात त्याआधीचा ॲसिटिल अर्धवट बसला.

फरक ७१ आला, म्हणजे ४८२.२, तर रेणूत बीटा-अलानिन घुसला आहे. त्याच्या जोडीला बहुधा ३१२.१ चा छोटा पीकही असतो, तो एफमॉक-बीटा-अलानिन. १८९.१ म्हणजे एफमॉक निघून गेलेला ॲसिटिल-लायसिन. २३१.१ म्हणजे दोन्ही अमाइनवर ॲसिटिल बसलेला लायसिन. हा सगळ्यांत लबाड, कारण त्याच्यात एफमॉक नाही, म्हणून २५४ किंवा ३०१ नॅनोमीटरला तो दिसतच नाही. इल्ड (मिळालेलं उत्पादन) कमी का आली याचा शोध घेताना क्रूडचा (शुद्ध न केलेल्या पदार्थाचा) मास स्पेक्ट्रम पाहावा तो यासाठी.

डायपेप्टाइड: कार्बॉक्सिलचा उपद्व्याप

एफमॉक क्लोराइड वापरून सोडियम कार्बोनेट आणि डायॉक्झेनमध्ये काम करणं ही पुस्तकातली पद्धत. एफमॉक गट लुई कार्पिनो यांनी १९७० साली आणला तेव्हा हाच अभिकर्मक हाताशी होता. तो अतिशय चपळ आहे आणि गोची तिथेच आहे. अमाइनशिवाय तो कार्बॉक्सिलेटशीही अभिक्रिया करतो. त्यातून मिश्र ॲनहायड्राइड बनतो, म्हणजे कार्बॉक्सिल सक्रिय होतो आणि शेजारच्या रेणूचा मोकळा अमाइन त्यावर येऊन बसतो. डायपेप्टाइड तयार. त्याच्या टोकाच्या अमाइनवर मग एफमॉक बसतोच. ग्लायसिन, अलानिनसारख्या अडथळा नसलेल्या अमिनो आम्लांत हा त्रास जास्त, व्हॅलिनसारख्यांत कमी. लायसिनची साइड चेन लांब असली तरी आल्फा कार्बनजवळ गर्दी करत नाही, त्यामुळे तो पहिल्या गटात मोडतो.

बनला की हा डायपेप्टाइड काढणं जिकिरीचं. विद्राव्यता मुख्य पदार्थासारखीच, सिलिकावर दोघे हातात हात घालून उतरतात, क्रिस्टलमध्येही एकत्र येतात. आणि शुद्ध न करता तसाच पेप्टाइड सिंथेसिसला वापरला, तर साखळीत एक लायसिन जास्त असलेली अशुद्धी येते, जी शेवटच्या एचपीएलसीत वेगळी करताना रडू येतं. म्हणून तो काढायच्या नादी न लागता बनूच न देणं शहाणपणाचं.

सोपा उपाय म्हणजे एफमॉक-ओएसयू, एफमॉकचा सक्सिनिमिडिल कार्बोनेट. तो सौम्य आहे, कार्बॉक्सिलेटकडे फारसा वळत नाही. दुसरा उपाय जुना पण खात्रीचा: कार्बॉक्सिल तात्पुरता सिलिलनं झाकायचा. कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये अमिनो आम्ल, ट्रायमिथाइलसिलिल क्लोराइड आणि डायआयसोप्रोपिलइथाइलअमाइन घेऊन रिफ्लक्स करा, थंड करा, मग बर्फात ठेवून एफमॉक क्लोराइड घाला. सिलिल एस्टर वर्कअपच्या पाण्यातच सुटतो, काढण्यासाठी वेगळी पायरी लागत नाही. अट एकच, सगळं कोरडं हवं. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत उघड्या फ्लास्कनं हा प्रयोग करू नये. टीएमएस क्लोराइडची बाटली आधीच धुरकट झाली असेल तर नवीच उघडा.

आणि तरीही एफमॉक-ओएसयू कमी पडला म्हणून दीड इक्विव्हॅलंट (अमिनो आम्लाच्या दीडपट मोल) घालायची सवय असेल तर ती मोडा. तिथूनच पुढची अशुद्धी येते.

बीटा-अलानिन कुठून आला?

ज्या फ्लास्कमध्ये बीटा-अलानिन कधी टाकलाच नाही, तिथे तो सापडला की माणूस आधी सप्लायरवर संशय घेतो. कधीकधी तो संशय खराही असतो, कारण ही अशुद्धी विकतच्या एफमॉक अमिनो आम्लांतही आढळलेली आहे. पण ती तुमच्याच फ्लास्कमध्ये बनू शकते. एफमॉक-ओएसयूच्या सक्सिनिमाइड कड्यावर बेसचा हल्ला झाला की कडं उघडतं, मग लॉसेन पुनर्रचना होऊन आयसोसायनेट बनतो, त्यावर पाणी बसतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो बीटा-अलानिनचा सांगाडा. त्याला एफमॉक मिळाला की एफमॉक-बीटा-अलानिन, आणि तो तुमच्या अमिनो आम्लाला जोडला गेला की ४८२.२.

यासाठी दोन गोष्टी लागतात: जास्तीचा एफमॉक-ओएसयू आणि जास्तीचा बेस. दोन्ही आपल्या हातात आहेत. मी एफमॉक-ओएसयू नेहमी अमिनो आम्लापेक्षा किंचित कमी घेते, ०.९५ इक्विव्हॅलंट. १० मिलिमोल ॲसिटिल-लायसिनला, म्हणजे १.८८ ग्रॅमला, ३.२० ग्रॅम एफमॉक-ओएसयू पुरे. उरलेला पाच टक्के ॲसिटिल-लायसिन पाण्यातच राहतो आणि वर्कअपमध्ये वाहून जातो. उरलेला एफमॉक-ओएसयू मात्र जात नाही, तो तुमच्या डोक्याला ताप होतो. या हिशेबानं पूर्ण इल्ड ३.९० ग्रॅम धरायची, ४.१० नव्हे, म्हणजे उगाच आकडा कमी आल्याचं वाईट वाटणार नाही.

पीएच: आणि तो मोजायचा कसा

एफमॉक लावताना पीएच ८.५ ते ९ च्या आसपास ठेवला की काम भागतं. आल्फा अमाइनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा अमाइन मोकळा असतो तो आकडा) साधारण ९, त्यामुळे तिथे पुरेसा अमाइन मोकळा असतो. नुसत्या बायकार्बोनेटमध्ये पीएच आठच्या थोडा वर राहतो, अभिक्रिया रेंगाळते पण सुरक्षित असते. दहा टक्के सोडियम कार्बोनेटमध्ये तो अकराच्या वर जातो. तिथे काम झटपट होतं, पण रात्रभर सोडून घरी गेलात तर एफमॉक उतरायला लागतो. दोन्ही मिसळून वापरणं मधला मार्ग.

डायॉक्झेन-पाण्याच्या मिश्रणात पीएच मीटरचं इलेक्ट्रोड खोटं बोलतं, आणि कोरड्या पट्टीवर अर्धा सॉल्व्हंट असलेला थेंब टाकला तर तीही. पट्टी आधी पाण्यानं ओली करा, मग काचेच्या सळईनं थेंब लावा. अंदाज येतो, आणि इथे अंदाजच हवा असतो. तो एकदा घेऊन भागत नाही. अभिक्रिया पुढे जाते तसा आम्ल सुटतो, म्हणून अर्ध्या तासानं पुन्हा पाहा. सुरुवात अडली असेल तर नव्वद टक्के वेळा पीएच सातच्या खाली आलेला असतो आणि कुणी पाहिलेलं नसतं.

तापमानाचंही असंच. पेपरमध्ये 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं ते बावीस-पंचवीस अंशांचं. मे महिन्यात नागपूरला किंवा अगदी पुण्यातही एसी नसलेल्या लॅबमध्ये ते पस्तीसच्या वर असतं, आणि पस्तीस अंशांना बेसमध्ये एफमॉक बावीस अंशांइतका टिकत नाही. अभिकर्मक बर्फात घाला, मग पाण्याच्या साध्या टबमध्ये ठेवा. ही काळजी पेपरात लिहिलेली नसते, कारण लिहिणाऱ्याला तिची गरज पडली नव्हती.

एफमॉक उतरतोय की अभिकर्मक पाण्यात वाया जातोय?

टीएलसीच्या वरच्या टोकाला यूव्हीत झगझगीत दिसणारा स्पॉट आला की लोक 'एफमॉक गेला' म्हणतात. पण वर दोन वेगळे पदार्थ जाऊ शकतात आणि त्यांचा अर्थ वेगळा आहे. डायबेंझोफुल्व्हिन दिसला तर बेसनं एफमॉक उतरवला, म्हणजे तुमचं उत्पादन तुटतंय. फ्लुओरेनिलमेथॅनॉल दिसला तर अभिकर्मकावर पाण्यानं हल्ला केला, म्हणजे उत्पादन ठीक आहे, फक्त अभिकर्मक वाया गेला. हेक्झेनमध्ये थोडाच इथाइल ॲसिटेट घालून टीएलसी चालवा: डायबेंझोफुल्व्हिन जवळजवळ सॉल्व्हंट फ्रंटला पळतो, अल्कोहोल बराच मागे राहतो. एनएमआरमध्ये (रेणूतले प्रोटॉन दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) डायबेंझोफुल्व्हिनच्या दुहेरी बंधावरचे प्रोटॉन ६.१ पीपीएमच्या आसपास सुटा सिंगलेट देतात. क्रूडमध्ये तो शोधायला दोन मिनिटं पुरतात.

एफमॉक खरंच उतरत असेल तर दोषी बहुधा दुय्यम किंवा प्राथमिक अमाइन. पिपरिडीन सोडा, तो आपण मुद्दाम वापरतो. जुना डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड हा सॉल्व्हंट) मात्र न बोलावता हेच करतो. तो हळूहळू विघटित होऊन डायमिथाइलअमाइन देतो, उन्हाळ्यात अर्धी भरलेली, रोज उघडली जाणारी बाटली तर नक्कीच. बाटलीला मासळीसारखा वास येत असेल तर ती सिंथेसिसला वापरू नका. वास येत नसला तरी वापरण्याआधी नायट्रोजन सोडून घेणं आणि मॉलेक्युलर सीव्हवर ठेवणं चांगलं.

दुसरा दोषी लक्षात येत नाही: लायसिनचाच मोकळा एप्सिलॉन अमाइन. याबद्दल पुढे, बॉकच्या मार्गात.

कोणत्या टोकाकडून सुरुवात करायची

इथवर आपण तयार ॲसिटिल-लायसिनवर एफमॉक लावत होतो. तो ॲसिटिल-लायसिन येतो कुठून, हा प्रश्न उरतोच. दोन अमाइन असलेल्या लायसिनमध्ये फक्त एप्सिलॉनवर गट कसा बसवायचा? पीकेएतला फरक दीडेक एककाचा, ९ आणि १०.५ च्या आसपास. तेवढ्या आधारावर नुसत्या पीएचनं निवड साधत नाही. मार्ग दोन आहेत आणि दोन्हींत वेगळ्या खोड्या आहेत.

पहिला मार्ग तांब्याचा. दोन लायसिनना एक तांब्याचा आयन दिला की प्रत्येक लायसिनचा आल्फा अमाइन आणि कार्बॉक्सिल मिळून त्याला पाच सदस्यांच्या कड्यानं धरतात. गडद निळं द्रावण. एका झटक्यात दोन गट झाकले गेले आणि एप्सिलॉन अमाइन मोकळा राहिला. कोणताही महागडा अभिकर्मक न लागता मिळणारं हे संरक्षण मला आजही सगळ्यांत देखणं वाटतं.

अडचण येते ती ॲसेटिक ॲनहायड्राइड भसकन ओतल्यावर. ॲसेटिक आम्ल सुटतं, पीएच खाली येतो, तांब्याची पकड ढिली होते आणि ॲसिटिल दोन्हीकडे बसतो: मघाचा न दिसणारा २३१.१. थेंबाथेंबानं, बर्फात, मध्येमध्ये बेस घालत पीएच नऊ-साडेनऊला धरून ठेवला की हा प्रकार थांबतो. उलट दिशेनं, बेस फार झाला तर तांब्याचा हायड्रॉक्साइड खाली बसतो आणि संरक्षण जातं. निळा साका हिरवट किंवा काळपट दिसायला लागला तर थांबा.

बॉकसारखा चरबट गट लावला असेल तर तांब्याचं कॉम्प्लेक्स छान खाली बसतं, पाण्यानं धुतलं की अभिक्रिया न झालेला लायसिन वाहून जातो, आणि ५९१.२ चा प्रश्नच येत नाही. ॲसिटिल लहान आणि पाणीप्रेमी आहे, त्याचं कॉम्प्लेक्स तितकं नीट बसेलच असं नाही. ॲसिटोन घालून बसवावं लागलं तर साध्या लायसिनचं कॉम्प्लेक्सही त्याच्याबरोबर खाली येऊ शकतं, हे लक्षात ठेवा.

मग तांबं काढायचं. हायड्रोजन सल्फाइड सोडायची जुनी रीत सोडून द्या, वास आणि विष दोन्ही फुकट मिळतात. आठ-हायड्रॉक्सिक्विनोलिन घातलं की हिरवट पिवळा साका पडतो, सेलाइटमधून गाळायचा, गाळलेलं पाणी इथाइल ॲसिटेटनं धुऊन जास्तीचं क्विनोलिन काढायचं. ते राहिलं तर मासमध्ये १४६.१ दिसतं आणि साधा लायसिन असतो १४७.१. इथेही घाईत गोंधळ होतो. दुसरा पर्याय ईडीटीएचा, म्हणजे धातूला घट्ट धरणाऱ्या रसायनाचा: कॉम्प्लेक्सच्या घोळात डायसोडियम ईडीटीए घाला आणि त्याच फ्लास्कमध्ये सरळ एफमॉक-ओएसयूची अभिक्रिया करा. शेवटी आम्ल घातल्यावर एफमॉकवाला पदार्थ इथाइल ॲसिटेटमध्ये येतो, तांबं ईडीटीएला चिकटून पाण्यात राहतं. यातली फसगत अशी की पीएच दोनला आणल्यावर जास्तीचा ईडीटीए स्वतःच पांढऱ्या पावडरीसारखा खाली बसतो. ती पावडर गाळून, वाळवून, वजन करून 'इल्ड एकशे वीस टक्के' म्हणणारे असतात. गाळू नका, एक्स्ट्रॅक्ट करा.

तांबं उरलंय का हे एनएमआर लगेच सांगतो. कॉपर टू पॅरामॅग्नेटिक असल्यानं थोडा अंश राहिला तरी पीक पसरट होतात. 'शिमिंग बिघडलंय' म्हणून ऑपरेटरला दोष देण्याआधी पावडरीचा रंग पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. निळसर झाक असेल तर पुन्हा ईडीटीएच्या पाण्यानं धुवा.

दुसरा मार्ग बॉकचा, आणि घाईत असलेल्यांचा. एफमॉक-लायसिन(बॉक) विकत आणायचा, टीएफएनं (ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लानं) बॉक काढायचा, मोकळ्या एप्सिलॉनवर हवा तो गट लावायचा. बॉक आम्लानं जातो, एफमॉक बेसनं, एकमेकांच्या आड येत नाहीत. १९३२ साली बर्गमान आणि झेर्व्हास यांनी आणलेला झेड (बेंझिलऑक्सिकार्बोनिल) गट हायड्रोजननं जातो. इथे त्याचा मोह टाळा, कारण पॅलेडियम-कार्बनवर एफमॉकही पूर्ण सुरक्षित नसतो, आणि साइड चेनवर अझाइड असेल तर तो आधी जातो.

बॉक काढल्यावर सगळ्यांत जास्त विचारलं जाणारं दुखणं म्हणजे 'पुढची अभिक्रिया होतच नाही'. उत्तर तराजूवर आहे. एफमॉक-लायसिनचा टीएफए क्षार ४८२.५ चा. ५ मिलिमोलला २.४१ ग्रॅम यायला हवेत. तुमच्या फ्लास्कमध्ये ३ ग्रॅम चिकट तेल असेल, तर वरचे ०.५९ ग्रॅम म्हणजे पाच मिलिमोलहून जास्त मोकळं टीएफए, अख्खा एक इक्विव्हॅलंट. तुम्ही हिशेबानं घातलेला बेस त्यानं गिळला आणि अमाइन प्रोटॉन घेऊन स्वस्थ बसला. टोल्युइन घालून दोन-तीनदा उडवा, किंवा डायॉक्झेनमधलं ४ मोलर हायड्रोजन क्लोराइड वापरून बॉक काढा. इथरमध्ये छान पावडर पडते आणि वजनावर भरवसा ठेवता येतो.

साइड चेनमध्ये इंडोल, थायॉल किंवा थायोइथर असेल तर बॉक काढताना ५६ चा फरक दिसू शकतो. निघालेला टर्शरी ब्युटिल तिथे जाऊन चिकटतो. थोडं पाणी आणि ट्रायआयसोप्रोपिलसिलेन सोबत घातलं की तो त्यांच्या वाट्याला जातो. हायड्रॉक्सिल असेल आणि फरक ९६ असेल, तर टीएफएचा एस्टर बनलाय. सौम्य बायकार्बोनेटमध्ये ढवळला की बहुधा सुटतो.

आता मघाची गोष्ट. बॉक निघालेला एफमॉक-लायसिन क्षार म्हणून टिकतो, पण बेस घालून अमाइन मोकळा केला आणि 'ॲसिलेटिंग एजंट उद्या घालू' म्हणून ठेवला, की तोच अमाइन शेजारच्या रेणूवरचा एफमॉक हळूहळू उतरवायला लागतो. क्षार विरघळवा, ॲसिलेटिंग एजंट हाताशी ठेवा, बेस शेवटी आणि थोडाथोडा घाला.

आणि ॲसिलेटिंग एजंट म्हणजे तयार एनएचएस (एन-हायड्रॉक्सिसक्सिनिमाइड) एस्टर किंवा ॲनहायड्राइड. क्रोटोनिक आम्ल, एफमॉक-लायसिन आणि ईडीसी किंवा एचबीटीयूसारखा कपलिंग एजंट एकाच फ्लास्कमध्ये टाकायचा आळस करू नका. कार्बॉक्सिल मोकळा आहे, कपलिंग एजंट त्यालाही सक्रिय करतो आणि दुसऱ्या लायसिनचा एप्सिलॉन अमाइन तिथे बसतो. ७१९.३ चा पीक दिसला तर हेच झालं आहे: दोन एफमॉक-लायसिन जोडले गेले, एक पाणी गेलं. आधी तुमच्या आम्लाचा एनएचएस एस्टर वेगळा बनवा, उरलेला कपलिंग एजंट धुऊन काढा, मगच पुढे जा.

'मग कार्बॉक्सिलला मिथाइल एस्टर करून टाकू' ही पुढची सूचना हमखास येते. करता येतो. पण काढताना लिथियम हायड्रॉक्साइडनं एफमॉकही हलतो. तो मार्ग घ्यायचाच असेल तर आयसोप्रोपॅनॉल-पाण्यात ०.८ मोलर कॅल्शियम क्लोराइड घालून थंडपणे सोडियम हायड्रॉक्साइड वापरा. मिथाइल एस्टर सुटतो आणि कॅल्शियममुळे एफमॉक बराच तग धरतो. अलिल एस्टर हा त्याहून निर्धास्त पर्याय, पॅलेडियम आणि फिनाइलसिलेननं निघतो. सिलेन विसरू नका: ॲलॉक (अमाइनवर बसणारा, अलिल असलेला प्रोटेक्टिंग ग्रुप) काढताना अलिल झेलणारं कुणी नसेल तर ते परत अमाइनवर बसतं आणि ४० चा फरक दिसतो.

वर्कअप

एफमॉक अमिनो आम्लांचे सोडियम क्षार साबणासारखे वागतात. इथरनं धुताना फेस आणि इमल्शन होतं, आणि थोडं उत्पादन सेंद्रिय थरातही जातं. म्हणून तो थर टीएलसी केल्याशिवाय फेकू नये. आम्ल घालताना कार्बोनेटमुळे फसफसून वर येतं, फ्लास्क मोठा घ्या. पीएच दोनच्या आसपास आणून इथाइल ॲसिटेटनं तीनदा काढा. मग किंचित आम्लधर्मी पाण्यानं धुवा, कारण एफमॉक-ओएसयूमधून सुटलेला एनएचएस असा धुतला तरच जातो. एनएमआरमध्ये, डीएमएसओत, २.६ पीपीएमला चार प्रोटॉनचा सिंगलेट दिसला तर धुणं कमी पडलं.

एनएमआरमधले दुहेरी पीक पाहून लगेच कॉलम लावू नका. कार्बामेटला दोन रोटामर असतात. सँपल साठ-सत्तर अंशांना तापवून पुन्हा चालवा, जोड्या एक झाल्या तर ती अशुद्धी नव्हती.

शेवटी सुकवणं. एफमॉक अमिनो आम्लं इथाइल ॲसिटेट धरून ठेवतात, व्हॅक्यूम पंपावर रात्रभर ठेवूनही. त्याचं जलविघटन होऊन ॲसेटिक आम्ल बनलं तर पेप्टाइडच्या कपलिंगमध्ये ते साखळीच्या टोकावर ॲसिटिल लावतं आणि साखळी तिथेच थांबते. ॲसिटिल-लायसिन घालताना नेमकं ४२ जास्त दिसलं तर ते साइड चेनचं की टोकाचं हे ओळखता येत नाही, म्हणून आधीच एनएमआरमध्ये १.९ पीपीएमजवळचं ॲसेटिक आम्ल आणि ४.० जवळचा इथाइल ॲसिटेटचा क्वार्टेट शोधा. १.८ पीपीएमच्या आसपास तुमच्याच ॲसिटिलचा सिंगलेट असतो, दोन्हींचं इंटिग्रेशन वेगळं घ्यायला विसरू नका. ॲसिटोनायट्राइल-पाण्यात विरघळवून लायोफिलाइज केलं की दोन्ही जातात. पावडर फ्रीजरमध्ये ठेवा, आणि पावसाळ्यात बाटली बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका.